डोंगरावरचं कॉलेज पाहून आल्यावर

पुष्पाने गोळाभाताचे गोळे वाफेवर ठेवले, पण तेलाची कढई चढवली नाही. तेल पानात वाढायच्या वेळी कडकडीत हवं, नाहीतर गोळाभात खाण्यात अर्थ नाही, हे तिच्या आईचं शास्त्र. गाडी नागपूरहून निघाल्याचा भावाचा, प्रफुल्लचा फोन मघाच येऊन गेला होता.

भावाने परस्पर सौसरला आपल्या घरी जायचं नाही, आधी पांढुर्ण्याला उतरायचं, जेवायचं, आणि कॉलेजचं सगळं आधी तिला सांगायचं, असा तिचा हट्ट होता. हट्ट हक्काचा होता. पुण्याच्या पलीकडचं ते डोंगरावरचं लहानसं कॉलेज शोधून काढलं होतं तिनेच. "डॉक्टर-इंजिनियरच व्हाव लागते असं कोणी सांगितलं?" असं भावाला दरडावणारी तीच. भावाच्या मुलीची, उर्वशीची, निवड झाली तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटणारीही तीच. कोणी विचारलं, तिथं नेमकं शिकवतात काय, तर ती म्हणायची, "सगळं. इतिहास बी, गणित बी, नाटक बी. माणूस घडवतात." पुढचा प्रश्न यायच्या आत ती तास घ्यायला निघून जायची.

"नेहा, पाणी भरून ठेव व. अन् आबाजीले विचार, चहा पाहिजे का."

नेहा, तिची मुलगी, गावातल्याच कॉलेजात बी.एस्सी. करत होती. ती बैठकीत डोकावली. रघुनाथराव, पुष्पाचे वडील, खिडकीशी बसले होते. सकाळच्या बसने रामाकोन्याहून आले होते आणि तेव्हापासून त्यांचं लक्ष आभाळाकडे होतं.

"आबाजी, चहा?"

"नोको. गाडी आली का?"

"येईल ना. तुम्हाले घाई काहून?"

"बगीच्याचा ताण तोडाचा आहे, पानी सोडाचं आहे ह्या हप्त्यात. पानं पार कोमेजून आली. आज सोडून आलो, तेबी जिवावर."

संत्र्याच्या बागेचं पाणी थंडीत काही दिवस बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं मलूल होतं, पानं पिवळट पडतात, पाहणाऱ्याला वाटतं मेलं. मग पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी असं लदबदून जातं की खालची माती पांढरी होते. ह्या घरात हे लहान मुलालाही माहीत होतं.

रिक्षा थांबली. प्रफुल्ल आधी आत आला. प्रवासाने चेहरा काळवंडलेला, पण डोळ्यांत चमक. मागून त्याची बायको प्रेमलता. तिने सासऱ्यांच्या पाया पडून पदर सारखा केला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी ती उभ्यानेच प्यायली.

"ताई," प्रफुल्ल खुर्चीत बसता बसता म्हणाला, "कॉलेज नाही ते. कसं सांगू तुले... आपण जे शिकलो ते शिक्षणच नव्हतं."

पुष्पाने कढई चढवली. ह्याच वाक्यासाठी ती सकाळपासून थांबली होती.

जेवताना तोच बोलत राहिला. पालकांना दोन दिवस बोलावलं होतं, राहायला खोली, फिरायला मोकळीक. वर्ग झाडाखाली. पोरं मास्तरांना नावाने हाक मारतात, मास्तर हसतात. एका तासात त्याने स्वतः बसून पाहिलं, पोरीने प्रश्न विचारला तर मास्तर म्हणाला, मलाही माहीत नाही, चला शोधू.

"मंग त्याले पगार कायचा देतात?" रघुनाथराव म्हणाले.

"बाबा, तेच तर! अन् ऐका, मेसमधे आमच्या मागं कोण उभं होतं ताट घेऊन? प्रिन्सिपॉल!"

"कोनी त्याले पुढं नाही जाऊ दिलं?"

"नाही ना!"

"मंग कसला प्रिन्सिपॉल तो."

नेहा हसली. पुष्पाही हसली आणि गोळ्यावर तेल सोडता सोडता तिने विचारलं, "अन् आपली? आपली काय करून राहिली होती?"

"आपली?" प्रफुल्लने हातातला घास खाली ठेवला. "ताई, तीच का ही पोट्टी, असं वाटलं. ऑगस्टात रोज संध्याकाळी फोन करून रडत होती, आठवते? मले घेऊन जा, मले घेऊन जा. आता पाहा. फाटकावर आली आमाले घ्यायले. एक टिपूस नाही डोळ्यात. सगळं कॉलेज फिरवून दाखवलं. जो भेटला तो हाय उर्वशी, हाय उर्वशी. शिपाई बी ओळखते, मास्तर बी." तो वडिलांकडे वळला. "बाबा, ताण लागू पडला."

रघुनाथरावांनी मान डोलावली, भातात बोटं फिरवली.

प्रेमलताने ताटातलं काही उष्टं केलं नव्हतं.

ती त्याच दोन दिवसांत होती, त्याच झाडाखाली, त्याच मेसमध्ये. नवरा सांगत होता त्यातलं काही खोटं नव्हतं. पोर फाटकावर आली होती. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली होती आणि विचारलं होतं, प्रवासात त्रास नाही ना झाला? घरी असताना ही पोरगी पिशवीत हात घालून आधी खायचं काय आणलं ते पाहायची.

हाय उर्वशी म्हणणारे खूप होते. कॉलेजच केवढंसं, सगळ्यांना सगळ्यांची नावं पाठ. पण म्हणून कोणाचे पाय थांबले नाहीत. प्रेमलता दोन दिवस लोकांच्या पायांकडेच पाहत होती. नाव घ्यायचे, हसायचे, पुढे जायचे. कोणी तिच्या खांद्यावर हात टाकला नाही. कोणी म्हटलं नाही, कुठं होतीस, तुझी वाट पाहून राहिलो होतो.

मेसमध्ये वाढणारी बाई मराठी बोलणारी होती. उर्वशीच्या ताटात भाजी टाकताना म्हणाली, "आज इथं बसून जेवणार का बाई? बरं झालं." उर्वशी हसली. प्रफुल्ल तेव्हा प्रिन्सिपॉलशी बोलत होता.

"प्रेम, जेव ना," पुष्पा म्हणाली. "तेल कमी पडलं का?"

"नाही बाई, चांगलं झालं."

"मग बोल ना काही. हा एकटाच रेडिओ लावून बसला. तुले कसं वाटलं?"

प्रेमलताने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिच्या खोलीत एक पूनम म्हणून मुलगी आहे. चांगल्या घरची आहे, पाया पडली माझ्या. मी तिले एकटीले विचारलं, उर्वशी बोलते का तुझ्याशी? तर म्हणाली, आंटी, वो बहुत प्राइवेट है, हम सब उसकी स्पेस की रिस्पेक्ट करते हैं." ती नेहाकडे वळली. "मतलब काय होते त्याचा, नेहा?"

नेहाने भात कालवला. "म्हणजे... तिले एकटं राहायचं असंल तर राहू देतात, मामी."

"अन् नसंल राहायचं तर?"

"तू बी ना," प्रफुल्ल म्हणाला. "एका शब्दाचं काहीही करते. संध्याकाळच्या प्रोग्रामचं सांग की! ताई, सगळी पोरं गोल करून बसली होती, आपापल्या घराबद्दल एकेक गोष्ट सांगून राहिली होती. आपली बी बोलली. सगळ्यांसमोर, इंग्रजीत!"

"काय बोलली?" पुष्पाने विचारलं.

"म्हणाली, आमच्या घरी संत्र्याची झाडं आहेत."

"अन् मग?"

"मग टाळ्या."

"एवढंच?"

प्रेमलता म्हणाली, "एवढंच. बाकीची पोरं आजीबद्दल बोलली, कुत्र्याबद्दल बोलली. एक जण तर भावाचं सांगता सांगता रडला, सगळ्यांनी त्याले जवळ घेतलं. आपल्या पोरीनं झाडं सांगितली अन् बसली. घरात माणसं आहेत, हे सांगितलंच नाही तिनं."

काल निघताना तिने पोरीला जवळ घेतलं होतं. रडेल म्हणून पदर हातात धरून ठेवला होता. पण उर्वशी रडली नाही. तिचं अंग आईच्या अंगावर रेललं नाही. उलट तिनेच आईच्या पाठीवर दोनदा थोपटलं, मयतीला आलेल्या माणसाने थोपटावं तसं. हे मात्र प्रेमलताला सगळ्यांसमोर सांगवेना.

नेहा मान खाली घालून म्हणाली, "माझ्याबद्दल काही बोलली का मामी ती?"

"तुझ्याबद्दल काय बोलंल? तू तर रोज बोलत असशील तिच्याशी."

नेहाने वर पाहिलं. "मी? नाही. मामा म्हणाले होते ना, नका बोलू म्हणून."

"कधी?"

"दिवाळीत. तिचा फोन आला होता मले, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. होस्टेलात ती अन् अजून कोणीतरी एवढेच उरले होते म्हणे, बाकी सगळे घरी गेले. मी उचललाच नाही तेव्हा. नंतर मेसेज पाहिला. मामा म्हणाले होते, तिची सवय तुटू द्या."

प्रेमलताचा चेहरा पाहून पुष्पाने हातातली पळी कढईत ठेवली.

"मले तर वाटलं," प्रेमलता हळूहळू म्हणाली, "तू बोलून राहिली तिच्याशी. बहिणी-बहिणी आहात, आमाले नाही सांगत ते तुले सांगत असंल. म्हणून तर मी जीव आवरून बसली होती. बाई, तुम्ही?"

"मले प्रफुल्लनं सांगितलं, ताई, तू फोन घेतला की ती इंग्रजीचं रडगाणं गाते, नको घेऊ. मी म्हटलं, आईशी तर बोलतेच आहे." पुष्पा थांबली. "तू बोलत नव्हती?"

"हे म्हणे, तुझा आवाज ऐकला की ती रडते. तूच तिले रडवते. मग मी फोन नाही घेतला हातात. हे बोलायचे, मी बाजूले उभी राहायची."

कढईतलं तेल चुरचुरत होतं. नेहाने उठून गॅस बंद केला.

"प्रफुल्ल," पुष्पा म्हणाली. वर्गात खडू फेकण्याआधीचा आवाज. "तू आमाले प्रत्येकाले वेगवेगळं सांगितलं?"

"कोणाले खोटं नाही सांगितलं मी."

"पोट्टीले दिवाळीत घरी नाही आणलं ते तिकीट नव्हतं म्हणून, असं सांगितलं तू मले."

"ताण द्याचा होता!" प्रफुल्ल ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आली असती तर परत गेली असती का? सांग ना. तूच म्हणत होती की नाही, असं कॉलेज नशिबात नसते म्हणून? रोज रडणारी पोरगी तिथं टिकली असती का? बाबांनी सांगितलं, एकदा मूळ धरू दे. पाणी तोड, म्हणाले. मी तेच केलं."

सगळ्यांनी रघुनाथरावांकडे पाहिलं.

म्हातारा हात धुवायला उठला होता. तो परत बसला. आपण असं बोललो होतो हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. दसरा झाला होता, विहिरीच्या मोटरीजवळ बाप-लेक बसले होते, प्रफुल्लचा फोन पुन्हा वाजला होता आणि पोराचा चेहरा रडवेला झाला होता. तेव्हा आपण हसत म्हणालो, तिले बी ताण दे थोडा, मंग पाय कशी बहरते. शहाणपणाचं बोललो असं वाटून तेव्हा बरंही वाटलं होतं. नातीचा तोंडवळा नाकासकट त्यांच्यावर गेला होता. ती लहान असताना बागेत त्यांच्यामागे फिरायची आणि मलूल झाडाला हात लावून विचारायची, आबाजी, ह्याले कोणी सांगितलं का, नंतर पाणी मिळणार आहे म्हणून?

"म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "पन ताण देते तो मानूस घरी नाही बसत, प्रफुल्ल. मी रोज वावरात जातो. सकाळी थंडाव्यात पान उघडते का नाही, हे हातात घेऊन पायतो. ज्या दिवशी सकाळीबी मिटूनच राहिलं त्या दिवशी पानी द्या लागते, नाहीतर फांदी वाळते. मंग कितीबी पानी सोड." ते प्रफुल्लकडे वळले. "तू गेला होता का एकदा तरी, पान पायले?"

"आता तुम्ही बी?" प्रफुल्ल म्हणाला. "आता सगळे मिळून मलेच?"

"मामाजी," प्रेमलता उठून दाराशी गेली होती, तिथूनच सासऱ्यांना म्हणाली, "मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. घेऊन येते तिले."

"थांब, प्रेम," पुष्पा म्हणाली. "घेऊन येऊन काय करशील? वर्ष मोडंल. अन् ती येईल का? केवढंसं कॉलेज ते, पुन्हा दारात उभी राहिली तर सगळ्यांना कळंल, हिची आई न्यायले आली म्हणून. तोंड दाखवाव लागते पोरीले तिथं." बोलता बोलता ती स्वतःच थबकली. हे आपण पोरीसाठी बोलतोय की स्टाफरूमसाठी, तिला कळेना. "जा बाई," ती म्हणाली. "जा. मी येते सोबत."

"मीच सोडली का तिले?" प्रफुल्लला त्या दोघींचं असं एका बाजूला उभं राहणं सहन झालं नाही. "मी दर रविवारी बोललो. एक रविवार नाही चुकवला. तुम्हाले काय वाटते, माझा जीव नव्हता तुटत? मी बोलत होतो तिच्याशी!"

"आज रविवारच आहे, मामा," नेहा म्हणाली. "लावा ना. आमच्यासमोर लावा."

त्याने फोन काढला. लावताना त्याला खात्री होती. आत्ता पोरगी बोलेल आणि सगळ्यांना कळेल, ती ठीक आहे, बाप तिचा बाप होता सगळे महिने. त्याने फोन ताटांच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

दुसऱ्या रिंगलाच तिने उचलला.

"हो पप्पा. जेवली. क्लास चांगले सुरू आहेत. तब्येत चांगली आहे. काही लागत नाही."

प्रफुल्लने अजून तोंड उघडलं नव्हतं.

पलीकडे ती थांबली होती. उत्तरासाठी नव्हे. तो 'बरं, ठेवतो' म्हणेल म्हणून थांबली होती, जसा तो दर रविवारी म्हणत आला होता. इतके दिवस त्याला ते बोलणं भरलेलं वाटलं होतं. चार माणसांच्या देखत ते ताटात पडल्यावर केवढंसं होतं ते त्याला दिसलं. कालच तर तिला भेटून आला होता. काल भेटून आलेल्या बापालाही ती तेच म्हणाली होती.

पुष्पाने तोंडाला पदर लावला. रघुनाथरावांनी डोळे मिटले.

"उर्वशी," प्रफुल्ल म्हणाला. तो वाकला, फोनच्या अगदी जवळ. "बेटा... उर्वशी... बाई माझी..." आणि त्याचा आवाज फुटला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पप्पा? काय झालं?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पप्पा, कोण गेलं?"

नेहाने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"आबाजी?" उर्वशीने विचारलं. ती एकेक नाव थांबून थांबून घेत होती. "आबाजी ठीक आहेत ना? ... आत्या? ... गाडीत काही झालं का? आई कुठं आहे? पप्पा, आई पोचली ना?"

ज्याचं नाव आलं तो तो नुसता बसून राहिला, आपापल्या ताटासमोर, जिवंत. प्रेमलता दारातून धावत येऊन फोनवर ओणवी झाली, पण तिच्या घशातून जे निघालं त्याला शब्द नव्हता.

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. मग पोरीचा आवाज आला, शांत, समजूतदार, एखाद्या मोठ्या बाईचा असावा तसा.

"सांगा पप्पा. मी नाही रडणार."